मी त आधीच सांगलो होतो

लालबर्ऱ्यात निराशावादी माणसाला फार मान आहे. धानाचा मुलूख म्हटल्यावर हे ओघानं आलंच. यंदा रोवणीला पाऊस दगा देणार, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस चहाच्या टपरीवर शहाणा ठरतो. पाऊस आलाच, तर तो तुडतुड्याचं भाकीत करतो. तुडतुडा नाही आला, तर कापणीच्या वेळी अवकाळी. आणि तोही चुकून टळला, तर ऐन खरेदीत सोसायटीतला बारदाना संपणार. चारांतलं एक तरी खरं निघतंच. मग शहाणा माणूस कपबशी खाली ठेवतो, मिशीवरचा चहा पुसतो आणि म्हणतो, "मी त आधीच सांगलो होतो."

या कलेत आमच्या गुरुजींचा हात धरणारा बालाघाट जिल्ह्यात नाही. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभाच्या भाषणात त्यांनी शाळेच्या इमारतीला पुढल्या पावसाळ्यात भेग पडेल असं सांगितलं होतं. पडली. लग्नाच्या आमंत्रणाला गेले की मांडवाचे खांब हलवून बघतात. लोक त्यांना टाळत नाहीत. उलट, एवढा अभ्यासू माणूस गावात असल्याचा सगळ्यांना अभिमान आहे.

गुरुजींच्या कीर्तीचा कळस म्हणजे २०२२ साल. आमच्याच जिल्ह्यात लांजी-किरनापूरकडे 'डबल मनी'ची लाट आली होती. काही महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे लोक, आणि त्यांच्या दारात पिशव्या घेऊन उभे असलेले लोक. गुरुजी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हे बुडणार. मे महिन्यात पोलिसांच्या धाडी पडल्या, कोट्यवधींची रोकड जप्त झाली, लोकांना अटक झाली. टपरीवर गुरुजींचा सत्कार व्हायचा तेवढा बाकी राहिला. पण त्या दिवशी ते खिन्न होते. "इतकं बरोबर सांगलो," ते म्हणाले, "अन् मिळालं काय? एक कप चहा. ज्यानं पैसे लावले तो बुडाला, ज्यानं नाही लावले तो जिथं होता तिथंच. बुडणार हे ज्याला आधी समजलं, त्याला काही मोबदला असावा की नाही?"

त्यांचा भाचा बाजूला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. वारासिवनीला कॉलेज केलेला, हल्ली मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा. मान वर न करता तो म्हणाला, "मामाजी, असते ना तशी सोय. शेअरबाजारात."

एका निवृत्त, सज्जन, पेन्शनर माणसाचा मार्ग इथं बदलला. निराशेचे पैसे मिळतात हे त्यांना वयाच्या पासष्टीत कळलं.

भाच्यानं समजावलं ते असं. शेअर पडणार असं वाटत असेल तर आधी विकायचा, मग पडल्यावर स्वस्तात घ्यायचा, मधला फरक आपला. गुरुजींनी शंका काढली, "पण माझ्याजवळ शेअर नाही." "म्हणूनच तर आधी विकायचा मामाजी." गुरुजींनी चाळीस वर्षं वजाबाकी शिकवली होती. हातचा घ्यायला शेजारी काही नसेल तर काय करायचं, हा प्रश्न त्यांना एकदम जुन्या ओळखीचा वाटला. टपरीवर बसलेले धानाचे व्यापारी शेठ मात्र हसले. "यात नवीन काय गुरुजी? नसलेलं धान विकणं आमच्या आजोबांपासून चालू आहे."

अट एकच. साध्या माणसानं नुसता शेअर असा विकला, तर तो त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. सव्वातीनच्या सुमारास दलालाचं यंत्र तुमच्या वतीनं घेऊन टाकतं, तुम्हाला विचारत नाही. मंदी रात्रभर अंगावर वागवायची असेल तर फ्युचरचा, म्हणजे वायद्याचा सौदा करा, नाही तर ऑप्शन. गुरुजींना हे अन्यायाचं वाटलं. त्यांच्या मते कोणत्याही चांगल्या संकटाला पिकायला निदान एक पावसाळा लागतो. सहा तासांत काय बुडणार?

शेठनी त्यांना सावध करण्यासाठी १९८२ ची गोष्ट सांगितली. शेठ ती अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे दलाल स्ट्रीटवर पायरीला टेकून उभे होते. कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे लाखो शेअर हातात नसताना विकले. अंबानींच्या बाजूच्या लोकांनी ते सगळे घेतले आणि म्हणाले, आता द्या. देणार कुठून? भाव चढला, दंड चढला, मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. "समजलं काय गुरुजी?" शेठ म्हणाले. "समजलं," गुरुजी म्हणाले. "माणसं चुकली नव्हती. घाईत होती."

आता विकायचं काय? गुरुजींनी विचारपूर्वक हिंदुस्तान कॉपर निवडला. कारण या कंपनीची सगळ्यात मोठी खाण मलाजखंडला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, बैहरच्या पलीकडे. गुरुजींच्या साडूचा मुलगा तिकडे डंपरवर आहे. त्यामुळे कंपनीच्या अध्यक्षांना कळायच्या आधी गुरुजींना कळणार, असा हिशेब. साडूचा पोरगा फोनवर म्हणाला की काम जरा ढिलं आहे, उघडी खाण खोल गेली, आता भुयारातून काढायचं चाललंय. गुरुजींनी लगेच ताडलं, हा शेअर पडणार.

या शेअरचा इतिहासही मंदीवाल्याला भुरळ घालणारा. एके काळी यातला ९९.५९ टक्के हिस्सा सरकारकडे होता. उरलेल्या अर्ध्या टक्क्याहून कमी शेअरांवर बाजार नाचत असे, आणि त्या चिमूटभर व्यवहारावरून अख्ख्या कंपनीची किंमत काढली जाई. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारनं स्वतःचा थोडा हिस्सा विकायला काढला तेव्हा बाजारात भाव २६० रुपयांच्या वर होता, आणि सरकारनं किमान भाव ठेवला १५५. दुसऱ्या दिवशी शेअर धाडकन खाली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, सरकारनं पुन्हा हिस्सा विकला, किमान भाव ७०. या शेअरची सगळ्यात यशस्वी मंदी कोणा दलालानं नव्हे, खुद्द मालकानं केली. गुरुजींना ही गोष्ट इतकी आवडली की ते आठवडाभर तीच सांगत होते. त्यात एक बारकावा मात्र ते विसरत. मालकाजवळ विकायला शेअर होते.

मार्च २०२० मध्ये वीस रुपयांच्या आसपास मिळणारा हा शेअर मे २०२४ मध्ये चारशेच्या वर गेला. गुरुजींना त्याचं चढणं वैयक्तिक अपमानासारखं वाटू लागलं. ते सकाळी विकत, दुपारी चढ्या भावानं घेत आणि संध्याकाळी साडूच्या पोराला फोन करून विचारत, "काम खरंच ढिलं आहे ना रे?" होतं. पण तांब्याचा भाव मलाजखंडला ठरत नाही, लंडनला ठरतो, आणि लंडनच्या बाजाराला साडूचा पोरगा माहीत नाही. त्या महिन्यात तिथं तांब्यानं टनाला अकरा हजार डॉलर ओलांडले, तोवरचा उच्चांक. न्यूयॉर्कमध्ये तर तांब्याची मंदी धरून बसलेले मोठमोठे व्यापारी असे कोंडले गेले की माल द्यायला जगभरातून तांबं शोधत फिरत होते. म्हणजे ज्या मातीतून हे तांबं निघतं त्या जिल्ह्यातले गुरुजी, आणि ज्यांनी ही माती कधी पाहिली नाही ते न्यूयॉर्कचे शेठ, एकाच आठवड्यात एकाच बाजूनं हरले. गुरुजींना हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. संगत मोठी होती.

फ्युचरनं तरी मंदी करावी म्हटलं, तर शेअर बंदी यादीत. एखाद्या शेअरचे वायद्याचे सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांपलीकडे गेले की तेव्हा नवीन सौदा करायला मनाई होती, असलेला फक्त मिटवायचा. हिंदुस्तान कॉपर त्या काळात या यादीत इतका वारंवार दिसे की भाचा त्याला तालुक्याचा तडीपार म्हणायचा.

मधल्या काळात गुरुजींनी एका सोलर कंपनीचा फुटकळ शेअरही विकून पाहिला. भाच्यानं ताळेबंद काढून दाखवला होता. त्या कंपनीची वर्षाची उलाढाल शेठच्या गोदामापेक्षा कमी होती आणि तरी शेअर तिप्पट झालेला. बोगस म्हणजे किती बोगस असावं? गुरुजींनी सकाळी दहाला विकला. अकराला त्याला वरचं सर्किट, म्हणजे दिवसभरात चढायची मर्यादा, लागलं. त्यानंतर पडद्यावर घेणारे लाखांनी आणि विकणारा एकही नाही. दिवसाअखेर घ्यायचाच आहे, पण देणारा कोण? सव्वातीनला यंत्रही हात जोडून उभं राहिलं. मग अशा माणसासाठी एक्सचेंज लिलाव करतं: तुम्ही विकलेला माल तुमच्या नावावर दुसऱ्याकडून चढ्या भावानं आणून घेणाऱ्याला द्यायचा, आणि फरक तुमच्या खात्यातून. आपल्या नावाचा लिलाव निघाला हे ऐकून गुरुजींच्या मास्तरीणबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. सावकाराच्या काळापासून लिलाव या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ आहे.

काही महिन्यांनी ती कंपनी खरोखरच बसली. भाव पावपट राहिला. गुरुजी टपरीवर आले, कपबशी खाली ठेवली, मिशी पुसली. पण वाक्य पूर्ण करायच्या आत शेठनी विचारलं, "लिलावाचे पैसे परत देतात काय जी?"

नुसती मंदी झेपत नाही असं ठरल्यावर भाच्यानं गुरुजींना पुट ऑप्शनकडे, म्हणजे ठरलेल्या भावानं विकायच्या हक्काकडे, वळवलं. हा प्रकार गुरुजींना एका बैठकीत समजला, कारण मुलीच्या लग्नात मंगल कार्यालयाला इसार दिलेला त्यांच्या लक्षात होता. तारीख आपल्यासाठी राखून ठेवली, लग्न ठरलं तर ठीक, मोडलं तर गेला फक्त इसार. फरक एवढाच की बाजारातला हा इसाराचा कागद रोज उंदीर कुरतडतो. काही घडो न घडो, दिवस गेला की कागद लहान. शनिवार-रविवारीही उंदराला सुटी नसते. आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या दिवशी (तेव्हा तो गुरुवार असे) तर दुपारच्या जेवणाला उठावं, तेवढ्यात नुसत्या दोन कडा शिल्लक.

त्यात गुरुजींचं खरं दुखणं उघड झालं. माणूस बरोबर असतो, वेळ चुकते. शाळेच्या भिंतीला भेग कधी पडेल हे त्यांनी 'पुढल्या पावसाळ्यात' असं सांगितलं होतं आणि तेवढं गावाला पुरलं होतं. बाजार मात्र विचारायचा, कोणत्या गुरुवारी?

जून २०२४ चा पहिला आठवडा लालबर्ऱ्याच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा आहे. लोकसभेचे निकाल ४ तारखेला लागायचे होते. गुरुजींचं मत ठाम: निकाल काहीही लागो, बाजार पडणार. शुक्रवारी, ३१ मेला, त्यांनी निफ्टी निर्देशांकाचा पुट घेतला. शनिवारी एक्झिट पोल आले, सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के चढला. गुरुजींचा कागद दुपारपर्यंत रद्दीच्या भावाचा झाला. मास्तरीणबाईंनी जेवायला हाक मारली, गुरुजींनी उरलंसुरलं विकून टाकलं आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही असं देवासमोर सांगितलं. मंगळवारी निफ्टी १,३७९ अंकांनी कोसळला, जवळजवळ सहा टक्के. इतकी मोठी पडझड त्याच्या आधी पाहायला कोरोनाच्या दिवसांत जावं लागे. गुरुजींचं भाकीत शब्दशः खरं ठरलं होतं, आणि त्यांच्याजवळ त्याचा कागद नव्हता.

ते पाहून भाच्याचं रक्त उसळलं. मामाजींचं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून त्यानं त्याच दुपारी पुट घेतला, तोही भीतीच्या भावानं. त्या दिवशी बाजाराच्या भीतीचा निर्देशांक, ज्याला व्हिक्स म्हणतात, २६ च्या वर बंद झाला होता; अशा वेळी इसार चौपटीनं मागतात. बुधवारी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला, व्हिक्स १९ च्या खाली आला, आणि भाच्याच्या पुटाला दोन्हीकडून उंदीर लागले. शुक्रवारी तर निफ्टी नव्या विक्रमी पातळीवर बंद. म्हणजे एक माणूस एक दिवस आधी पोचला, दुसरा काही तास उशिरा, आणि जिथं पोचायचं होतं ती जागा दोघांनाही पक्की माहीत होती. शेठ त्या आठवड्यात चिन्नोर तांदळाची पोती मोजत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही काय?"

सप्टेंबरमध्ये शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा अहवाल आला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. गुरुजींनी आकडे वहीत उतरवून घेतले. त्यांच्या शाळेचा निकाल कधी ९३ टक्के लागला नव्हता. इथं नापासांचा लागला होता. पण त्यांना सगळ्यात जास्त समाधान देऊन गेला तो वेगळाच आकडा. २०२३-२४ मध्ये हे व्यवहार करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे. "म्हणजे आपण," गुरुजी म्हणाले. लालबर्ऱ्याला रेल्वे नाही, सिवनी-बालाघाट रस्त्यावर बस थांबते तेवढंच. कुठल्याही राष्ट्रीय अहवालात आमचा समावेश एवढ्या ठळकपणे कधी झाला नव्हता. दलाली, कर, एक्सचेंजचं शुल्क मिळून त्या एका वर्षात माणशी सरासरी २६,००० रुपये गेले, हे वाचून मात्र भाचा गप्प झाला. एवढ्यात सेकंडहँड मोटारसायकल येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम कडक झाले. बँक निफ्टीचं साप्ताहिक ऑप्शन बंद. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्याचा आकार, २५ वरून ७५. भाच्यानं बँक निफ्टीचं सुतक पाळल्यासारखे दोन दिवस दाढी केली नाही. पुढे सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारवर गेली. त्याआधी भाचा गुरुवारी दत्ताच्या देवळात जात असे. आता मंगळवारी मारुतीला जातो. दत्ताच्या पुजाऱ्यानं याचं वाईट वाटून घेतलं. त्याला कोणीतरी सांगायला हवं की हा निर्णय वरचा होता, राष्ट्रीय शेअरबाजाराचा.

मधल्या जुलैत जेन स्ट्रीटचं प्रकरण निघालं. अमेरिकेची ही कंपनी बँक निफ्टीचे शेअर सकाळी घेऊन भाव उचलते, ऑप्शनमध्ये मंदीची बाजू धरते आणि दुपारी शेअर विकून मोकळी होते, असा सेबीच्या अंतरिम आदेशातला आरोप. ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा हुकूम. कंपनीला आरोप मान्य नाहीत, प्रकरण अपिलात गेलं. त्या आदेशात १७ जानेवारी २०२४ या दिवसाची फोड दिलेली आहे. भाच्यानं आपला जुना हिशेब उघडून पाहिला; त्या दिवशी तोही बँक निफ्टीत होता. दुपारपर्यंत त्यानं ही गोष्ट अख्ख्या बाजारपेठेला सांगितली. हरल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर औषधाला नव्हतं. मोबाइल दुरुस्त करायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणत होता, "समोर साधा माणूस नव्हता भाऊ. न्यूयॉर्कची पार्टी होती."

गुरुजींवर याचा उलटा परिणाम झाला. त्यांनी वही काढली आणि एक रविवार घालवून हिशेब मांडला. पुट घेणारा हरतो. चढेल म्हणून कॉल घेणाराही हरतो. एकाला वेळ खाते, दुसऱ्याला दलाली. सेबीनं २०२४-२५ चे आकडे दिले तेही तसेच: ९१ टक्के तोट्यात, एकूण १ लाख ५ हजार कोटींच्या वर. मग जिंकतो कोण? सौदा कोणाच्याही बाजूनं लागो, शुल्क घेतो तो. म्हणजे बाजार स्वतः. आणि बाजार स्वतःच कंपनी असेल तर?

आहे. मुंबईचा शेअरबाजार, १८७५ सालचा, बीएसई, त्याचाच शेअर फेब्रुवारी २०१७ पासून विकला जातो. स्वतःच्या दुकानात स्वतःला विकायची मुभा नसल्यामुळे तो नोंदवलाय शेजारच्या राष्ट्रीय शेअरबाजारात, हे कळल्यावर शेठना एवढं हसू आलं की चहा सांडला. त्याच्या सेन्सेक्स निर्देशांकाचे साप्ताहिक ऑप्शन २०२३ मध्ये नव्यानं सुरू झाल्यापासून हा शेअर अनेक पटींनी चढला. भाच्याला वाटलं, मामाजी अखेर शहाणे झाले, आता हा घेऊन ठेवणार.

पण पन्नास वर्षांचा स्वभाव एका रविवारात जात नाही. साप्ताहिक ऑप्शन बंद करावेत की काय यावर विचार चालल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या दिवशी या शेअरला घाम फुटतो. गुरुजींनी त्या बातम्यांची कात्रणं जमवली होती. एवढे लोक बुडाल्यावर सरकार हे चालू ठेवणार नाही, त्यांची खात्री पटली. हमीभावाच्या धानाचा चुकारा नुकताच खात्यात पडला होता. तो त्यांनी मार्जिनला लावला आणि फ्युचरमध्ये सौदा करून टपरीवर येऊन बसले.

भाचा धावत आला. "मामाजी, तुम्ही मुंबईचा शेअरबाजार विकला?"

"हो."

"अख्खा बाजार चढून रायला अन् तुम्ही बाजारच विकून टाकला?"

"बाजार हा धंदा टिकणार नाही," गुरुजी म्हणाले. "पुढल्या पावसाळ्यापर्यंत पाय तू."

शेठनी पोत्यावरून मान वळवून विचारलं, "पण गुरुजी, मुंबईचा शेअरबाजार तुमच्याजवळ होता कवा?"

"नव्हता," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच त विकलो."